तीन मगे आणि एक बटण

शेंडगेवस्ती, आटपाडी
४ ऑक्टोबर २०२३

सयाजीस बिराप्पाचा रामराम.

शनवारच्या बाजारात विट्याचा धनाजी भेटला. आपल्या पलटणीत क्लार्क हुता त्यो. बोकड बगायला आलता. मला बगितल्या बगितल्या मोबाईल काडला आन् माज्या डोळ्याम्होरं धरला. तुज्या गावचा गणपतीचा मांडव. टेबलावर तामचिनीचे तीन मगे. तू खुर्चीवर. आन् तुज्या उजव्या अंगाला, जितं बावीस वर्सं मी हुबा ऱ्हायचो, तितं लीलावहिनी. डोईवर पदर, येक हात कमरंवर, आन् तोंड चाललंय.

मला ऐकाय येत न्हाई ह्ये तुला ठावं हाय. चार वर्सं झाली. यंत्र बसवलं हुतं, त्ये कानात निस्ती शिट्टी घालाय लागलं, काडून ठेवलं. म्हणून तर फोन सोडून ह्यो कागद. मोबाईलवर टाईप करायचं म्हणशील तर त्येवरची अक्षरं माज्या बोटाखाली चार चार येत्यात. पर डोळं शाबूत हायती. तिसरा मगा उचलल्यावर म्होरचा येक माणूस हसून हसून शेजाऱ्याच्या मांडीवर पडला. तवा वहिनी काय म्हणाल्या? धनाजीला इचारलं. त्यानं सांगितलं बी, पर त्येच्या व्हटावरनं मला काय उमजलं न्हाई. सूनबाई म्हणली, लिहून देते. तिनं लिवलं, "विनोद केला." एवढं तर मला बी दिसत हुतं.

गड्या, ह्यो खेळ कसा जमला तुला इसर पडला काय? हात तुजे आन् तोंड माजं. कोटाचं पितळी बटण तू येका मग्याखाली ठेवायचास, मगे फिरवायचास, मी लोकांस्नी म्हणायचो, बगा, नीट बगा. बटण भलत्याच मग्याखाली निगायचं. आन् सरतेशेवटी मधला मगा उचलला की त्येच्याखाली पलटणीच्या लंगरातला उकडलेला बटाटा. जवानापासनं जनरलपतोर समदी येकाच तोंडानं वरडायची.

मी रागावलो न्हाई. इचारतोय. जानेवारीत साताऱ्याला पलटणीचा मेळावा हाय. तितं आपुन दोघं करणार का न्हाई, एवढं कळव.

तुजा,
बिराप्पा

———

निगडवाडी, ता. कोरेगाव
१५ ऑक्टोबर २०२३

बिराप्पा भावजींना लीलाबाईचा नमस्कार.

तुमचं पत्र आलं. यांनी वाचलं, घडी घातली आणि माझ्यापुढं टाकलं. म्हणाले, "तूच लिही." मी म्हटलं, मित्र तुमचा, मी काय लिहू? तर उठून उसाला पाणी पाजायला गेले. म्हणून मी लिहिते आहे.

गणपतीत आर्केस्ट्रावाले ऐनवेळी आले नाहीत. मंडळाची पोरं दारात येऊन बसली, की नाना, तुमचे मगे काढा. हे म्हणाले, बोलणारा नाही. मी चहा देत होते. मी म्हटलं, बोलायचंच आहे ना, मी बोलते. आयुष्यभर तुमच्यापुढं बोलत आले, चार लोक ऐकायला असले तर उलट बरंच.

तिसऱ्या मग्याला मी काय म्हणाले ते तुम्हाला हवं आहे. मी म्हणाले, "घरात या माणसाला स्वतःचा चष्मा सापडत नाही, आणि इथं बघा, बटण कसं बरोबर सापडतंय." आणि बटाटा निघाला तेव्हा म्हणाले, "उकडलाय तर आता सोलूनही द्या."

तुम्ही लिहिलं आहे की तुमच्या जागेवर मी उभी होते. भावजी, गाव माझं, मांडव माझ्या दारापुढचा आणि नवरा माझा. त्यात तुमची जागा कुठली, ती मला दिसली नाही.

मेळाव्याचं निमंत्रण यांना आलं आहे. १४ जानेवारी, रविवार. यांनी होकार कळवला, माझं नाव घालून. तुम्ही जरूर या. पहिल्या रांगेत बसा. रंगुबाईंना नमस्कार.

लीलाबाई

———

शेंडगेवस्ती, आटपाडी
२७ ऑक्टोबर २०२३

सयाजी,

मी कागद तुला लिवला हुता, घराला न्हाई.

चष्मा सापडत न्हाई, ह्यो काय इनोद हाय? समद्यांच्या बायका त्येच म्हणत्यात. माजी रंगू बी म्हणती, तिला कुणी टेबलापाशी हुबं केलं न्हाई.

तवांगच्या वरची ती चौकी आठव. अकरा दिस हेलिकॉप्टर आलं न्हाई. आपुन चौदा जण, वर पत्रा आन् चारी बाजूनं बर्फ. रोज सांजच्याला तू मगे मांडायचास. खेळ तोच, मगे तेच, बटण तेच. तरी अकरा दिस पोरं हसली. का हसली? तुजे हात रोज त्येच करत हुते. बोलणं रोज नवं हुतं. त्ये कुणाचं हुतं? जनरलसायबानं जवा पाठ थोपटली तवा माजी थोपटली. तुला निस्तं म्हणाला, "वेल डन." मला वाटतंय तुला तवा लागलं हुतं. आता त्येचं उट्टं काडतोस काय?

का माजं कान गेलं म्हणून मला काडलंस? कान गेलं, जीभ हाय. बोलाय कान कशाला लागत्यात? मी रोज वाड्यात मेंढरांम्होरं बोलून बगतो. रंगू म्हणती, आता मेंढरं बी पाठ फिरवाय लागली. तिचं सोड.

आन् येक. बटण कुटं जातं ते मला पयल्या दिसापासनं ठावं हाय. डाव्या बाहीच्या घडीत. तू मधीच डाव्या बाहीला हात लावतोस, तवाच. बावीस वर्सं मी ह्ये कुणाला बोललो न्हाई. माजं तोंड एवढं मोठं, तरी न्हाई बोललो. तुला त्येचं काय वाटत नसंल तर नसू दे.

तू सोता उत्तर दे.

बिराप्पा

———

निगडवाडी
९ नोव्हेंबर २०२३

बिरा,

मीच लिहितोय.

मेळाव्याला लीला माझ्याबरोबर उभी राहणार. तू समोर बस. जेवायला बरोबर बसू. कारण विचारू नकोस, सांगणार नाही.

डाव्या बाहीचं लिहिलंस ते वाचलं. बरं.

दिवाळीचा डबा धनाजीकडं विट्याला पाठवलाय. त्याच्याकडून घेऊन ये. चकल्या तुझ्यासाठी वेगळ्या आहेत, कमी तिखटाच्या.

सयाजी

———

निगडवाडी
२१ जानेवारी २०२४

बिराप्पा भावजी,

आज आठ दिवस झाले. हे तुमचं नाव काढत नाहीत आणि मी काढलं तर उठून जातात. मगे माळ्यावर टाकले आहेत. हे पत्र मी यांना न विचारता लिहिते आहे. तुम्हाला त्या दिवशी काही ऐकू आलं नाही. तेव्हा तिथं कोण काय म्हणालं, ते तुम्हाला कुणीतरी सांगायला हवं.

तुम्ही पहिल्या रांगेत बसला होता, टोपी घालून, पदकं लावून. मी बोलायला लागले तशी तुमची नजर माझ्या तोंडावर. लोक हसले की तुम्ही मागं वळून त्यांच्याकडं बघायचात, की पुन्हा माझ्याकडं. चष्म्याच्या वाक्याला सगळं मंगल कार्यालय दणाणलं. तेव्हा तुमचा चेहरा उतरला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं.

तिसऱ्या फेरीला तुम्ही उठलात. कुणाला कळायच्या आत टेबलापाशी आलात आणि यांचं डावं मनगट धरलंत. "बाहीत हाय. समद्यांनी बगा, बटण बाहीत हाय," असं म्हणालात. तुम्हाला वाटत असेल तुम्ही हळू बोललात. भावजी, ते बाहेर रस्त्यावर ऐकू गेलं असेल. तुम्ही यांच्या बाहीचं बटण सोडलंत, बाही उलटी केलीत, पार कोपरापर्यंत वर सारलीत. आत काही नव्हतं. मग खिसा चाचपलात. तिथं नुसत्या किल्ल्या होत्या. यांचं तोंड पांढरं पडलं होतं. मी पंचेचाळीस वर्षांत यांना असं कुणी धरलेलं पाहिलं नाही.

मला दुसरं काही सुचेना. मी म्हणाले, "तपासणी झाली असेल तर मगा उचलू का?" आणि मधला मगा उचलला. खाली बटाटा.

तुम्ही बाही उलटी करत होता तेव्हा सगळी सभा तुमच्याकडं बघत होती. यांचा उजवा हात मोकळा होता. तेवढ्यात यांनी काम केलं होतं.

तुम्ही लोकांची उघडी तोंडं बघितलीत, टाळ्या वाजवणारे हात बघितलेत आणि ताडताड चालत बाहेर पडलात. तुम्हाला वाटलं, ते तुम्हाला हसतायत. तसं नव्हतं. सगळे उभे राहिले होते. त्यांना वाटलं, हे आधीपासून ठरलेलं आहे. पुढच्या रांगेतले एक म्हातारे सुभेदार शेजाऱ्याला म्हणाले, "जुनी जोडी ती जुनी जोडी. बाईंना नुसतं आपल्याला फसवायला उभं केलं होतं." हे मी टेबलापाशी उभी राहून ऐकलं. माझ्या बोलण्याला लोक हसले, पण बसून हसले. उभे राहिले ते तुमच्यासाठी. मग सगळे तुम्हाला शोधत होते आणि तुम्ही न जेवता एस.टी.त बसला होता.

आता लिहायलाच बसले आहे तर सगळंच लिहिते.

मी वीस वर्षांची या घरात आले. तुमच्या दोघांच्या रजा एकत्र पडल्या की साठ दिवसांच्या रजेतले दहाबारा दिवस हे आटपाडीला. "बिराला नवीन बोलणं सुचलंय, बसवून येतो." राहिलेले दिवस घरात असायचे, तर बिरा असं म्हणाला आणि बिरा तसं म्हणाला. आमची थोरली झाली त्या दिवशी हे तुमच्या वस्तीवर होते. तार तिकडं करावी लागली. तुम्ही आमच्याकडं आलात तर मी तुम्हाला कधी एक भाकरी कमी वाढली नाही. पण वाढताना माझं तोंड कसं असेल, ते माझं मला माहीत. सवत असती तर भांडता तरी आलं असतं. त्यामुळं गणपतीत तुमच्या जागी उभी राहिले तेव्हा मी मनातून म्हणाले, चला, एकदाची ही जागा सुटली.

पण ती का सुटली, ते तुम्हाला ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी विट्याला, धनाजींच्या मुलीच्या साखरपुड्यात, तुम्ही दोघांनी शेवटचा खेळ केलात. बटाटा निघून गेला, लोकांनी बघितला, आणि तुम्ही तरी "बघा, आता बघा" म्हणतच होता. यांनी दोनदा "थांब" म्हटलं. तुम्हाला ऐकू आलं नाही. लोक हसले ते तुम्हाला. तुम्हाला वाटलं खेळाला. तुम्ही खुशीत हात जोडलेत. घरी आल्यावर यांचं दोन दिवस जेवणावर मन नव्हतं. म्हणाले, "बिराला कुणी हसलेलं मला बघवत नाही." म्हणून मला उभं केलं, आणि हे तुम्हाला कळू द्यायचं नाही म्हणून मला शपथ घातली. ती मी आज मोडली.

राहिलं बटण. ते बाहीत नसतं. कुठं असतं ते मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. यांनी सांगितलं नाही, मीच धरलं.

लीलाबाई

———

शेंडगेवस्ती, आटपाडी
३ फेब्रुवारी २०२४

लीलावहिनींना रामराम.

तुमचा कागद सूनबाई वाचाय लागली हुती, मी हिसकावून घेतला. तीनदा वाचला.

विट्याचं मला ठावं नव्हतं. त्या साखरपुड्याचा येक फोटू धनाजीनं दिला हुता, त्यो मी सोप्यात भिंतीला लावलाय. लोक हसत्यात आन् मी हात जोडून हुबा. येणाऱ्या जाणाऱ्याला मी त्यो दाखवत आलोय. आता काडावा का ठेवावा, कळंना. काडला तर रंगू इचारंल.

मी का उठलो म्हणाल, तर तुमी लोकांस्नी हसवत हुता म्हणून न्हाई. त्ये मी गिळलं असतं. सयाजी तुमच्याकडं बगत हुता. मान जरा तिरकी करून, आता ही काय म्हणती त्येची वाट बगत. मी बोलायचो तवा त्यो माज्याकडं असाच बगायचा. मला वाटायचं असं त्यो निस्तं माज्याकडंच बगतो. ती मान तिरकी झाली आन् माज्या डोस्क्यात काय तरी फुटलं. म्होरचं तुमी लिवलंच हाय.

मी चुकलो. पन्नास माणसांत दोस्ताचा हात धरला, चोराचा धरावा तसा. रंगूला सांगितलं तर तिनं दोन दिस माज्याकडं धड बगितलं न्हाई.

पर वहिनी, मला अजून येक बोचतंय आन् त्ये लपवून उपयोग न्हाई. बटण कुटं असतं त्ये तुमास्नी ठावं हाय. मला न्हाई. बावीस वर्सं मी लोकांस्नी म्हणत आलो, नीट बगा, फसू नगा. आन् समद्यांत ठार फसलेला मीच. बर्फात आमी येका ताटात जेवलो. त्येला ताप आला तवा मी त्येच्यासाठी पहारा दिला. मला त्यानं का न्हाई सांगितलं? तुमी धरलं म्हणता. धरल्यावर त्यो हसला असंल, तुमी दोघं हसला असाल. मला आत इतकं जळतंय की ह्या वयात लाज वाटती.

त्येला म्हणावं, मार मला पायजे तर. पर सांग.

बिराप्पा

———

निगडवाडी
१२ मार्च २०२४

बिरा,

लीलानं तुझं पत्र दाखवलं. तिनं तुला काय काय लिहिलं तेही कळलं. आता सांगतो, एकदाच.

एक. बटणं दोन आहेत. एक मग्याखाली, दुसरं कायम माझ्या उजव्या हातात, करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटात धरलेलं. लोक एकच बटण समजतात म्हणून त्यांना ते पळालं असं वाटतं. डाव्या बाहीला मी मुद्दाम हात लावायचो. कुणाला संशय आलाच तर तो तिकडं जावा म्हणून. तुझाही गेला.

लीलानं पहिल्याच रजेत विचारलं होतं, की तुम्ही दाखवता एक बटण, मग कोटाची दोन का तुटली? तिला कोट दुरुस्त करायचा होता. हसलो वगैरे नाही. मला वाईट वाटलं होतं.

दोन. बटाटा माझ्या मांडीवर असतो, रुमालाखाली.

तीन. बटाटा मांडीवरून मग्याखाली न्यायला चार सेकंद लागतात. तेवढा वेळ कुणी माझ्या हाताकडं बघायचं नाही. तू लोकांकडं हात करून "बघा" म्हणायचास, तेव्हा सगळे तुझ्याकडं बघायचे. ते चार सेकंद तू दिलेस, बावीस वर्षं. तुला माहीत असतं तर तू ठरवून बोलला असतास, आणि ते लोकांना कळलं असतं. लीलाला माहीत आहे. ती अगदी बरोबर वेळेला बोलते. लोक हसतात, पण दचकत नाहीत. तू स्वतः दरवेळी दचकायचास. बटाटा निघाला की मी लोकांकडं बघत नव्हतो, तुझ्याकडं बघायचो.

तेवढ्यासाठी नाही सांगितलं.

आता तुझ्याकडं सगळं आहे. माझ्याकडं आणखी काही मागू नकोस. मेळाव्यात तू माझा हात धरलास. मला तू दहा शिव्या घातल्या असत्यास तर चाललं असतं.

सयाजी

———

शेंडगेवस्ती, आटपाडी
२ एप्रिल २०२४

लीलावहिनींना रामराम.

सयाजीचा कागद आला. उत्तर त्येला लिवायचं धाडस हुईना म्हणून तुमास्नी लिवतोय. त्येला वाचून दावा.

त्येनं काय काय सांगितलं त्ये तुमास्नी ठावंच हाय. वाचल्यावर येक दिस मी लय खुशीत हुतो. वाटलं, आता आपुन बरोबरीला आलो, वहिनींच्या पुडं न्हाई पर बरोबरीला. मगे नव्हते म्हणून रंगूच्या मांडणीवरले तीन स्टीलचे पेले घेतले. जुन्या कोटाची बटणं काडली, दोन. धा दिस वाड्याच्या मागं बसून हात बसवला. बोटं मेंढरं धरून राकट झाल्यात, बटण निसटायचं, पर बसवला.

मंग रंगूला म्होरं बसवलं. पयलाच पेला फिरवला आन् ती म्हणाली, "त्या मुठीत काय धरलंय?" मी तिला म्हणलं, पेल्याकडं बग. ती म्हणाली, "पेल्याकडं कशाला बगू? तुमी मुठीकडं बगताय." खरंच मी मुठीकडं बगत हुतो. आन् बोलायचं सुचंना. मला, बिराप्पाला, बोलायचं सुचंना. हात संबाळू का तोंड, काय कळंना. रंगू उठून दूध तापवाय गेली.

वहिनी, तवापास्नं येक झालंय. जुना खेळ मनात आणला की मला सयाजीची दोन बोटं दिसत्यात. निस्ती बोटं. पयलं असं न्हवतं. त्यो मगा उचलायचा आन् बटाटा दिसायचा तवा पोटात गोळा उठायचा, जत्रंतल्या पाळण्यात बसल्यावानी. दर खेपंला उठायचा. मी हजार बटाटं बगितलं असतील आन् हजार खेपा त्यो गोळा उठला. आता उठत न्हाई. डोळं मिटून बगितलं, तरी न्हाई.

तुमच्या पोटात त्यो कवाच उठला न्हाई. पयल्या रजंपास्नं तुमी ती बोटंच बगत आलाय. तुमी धरलंत आन् तिथंच तुमचं संपलं. मी इतकं दिस तुमच्यावर जळत बसलो, की हिला म्हाईत हाय आन् मला न्हाई. तुमच्या वाट्याला लय थोडं आलं हुतं, वहिनी. समदं मलाच आलं हुतं.

सयाजीला म्हणावं, मनगट धरल्याची माफी मागतो. तोंडानं मागाय येईन तवा येईन. आन् येक मागणं हाय, तो म्हणला हुता मागू नगंस, तरी मागतो. मला ठावं न्हाई असा येकादा खेळ बसव. मला टेबलापाशी हुबा कर न्हाई तर नगं करूस. पर मला सांगू नगंस.

बिराप्पा

———

निगडवाडी
१९ मे २०२४

बिराप्पा भावजींना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. तुमचं पत्र मी यांना वाचून दाखवलं होतं, आलं त्याच दिवशी. तुमच्या वाट्याला लय थोडं आलं, या ओळीपाशी मी वाचायची थांबले. यांनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, अक्षर लागत नाही. मग पुढचं वाचलं.

यांनी ऐकून घेतलं. पंधरा दिवस तसेच गेले. एका दुपारी उठले, माझ्या मांडणीवरचा तांब्या आणि दोन फुलपात्रं घेतली, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तेव्हापासून रोज. आतून पाणी ओतल्याचा आवाज येतो, मधेच भांडं पडल्याचा. एकदा सगळा सदरा भिजवून बाहेर आले. विचारलं तर म्हणाले, "काही नाही." मी फटीतून बघायला गेले, तर दाराला आतून टॉवेल अडकवलेला.

मागच्या आठवड्यात जेवताना म्हणाले, "बिराला कळव. याला बोलणारा तोच लागेल."

मी म्हटलं, त्यांना ऐकू येत नाही. पुन्हा विट्यासारखं झालं तर?

म्हणाले, "टेबलाखाली माझा पाय त्याच्या पायावर असेल. दाबला की गप्प बसायचं." म्हणजे ताट वाढायच्या आधीच त्यांचं सगळं ठरलेलं होतं.

"आणि मी?" मी विचारलं.

"तू समोर बस," म्हणाले.

भावजी, माझ्या जिवाची आग झाली. हेच शब्द तुम्हाला लिहून गेले होते, आणि तेव्हा मला ते काही वावगे वाटले नव्हते. मेळाव्यात मी उभी राहिले, मी सावरून घेतलं, आणि पुन्हा पाय तुमच्या पायावर. दोन दिवस मी यांच्याशी कामापुरतं बोलले. तिसऱ्या दिवशी भाकरी थापत होते आणि मनात आलं, रोज तांब्याभर पाणी आत जातं, ओतल्याचा आवाज येतो, आणि बाहेर येताना तांब्या रिकामा, फुलपात्रं रिकामी, जमीन कोरडी. मग ते पाणी जातं कुठं? मी तशीच विचार करत बसले आणि तव्यावरची भाकरी करपून गेली. हे बाहेरून बघत होते. मान तिरकी करून. मी विचारलं, काय बघताय? म्हणाले, "काही नाही." पण हसत होते.

मनगट धरल्याचं ते विसरलेले नाहीत. "आला की आधी चार शब्द सुनावणार आहे," म्हणाले. मी म्हटलं, त्यांना ऐकू येणार नाही. म्हणाले, "लिहून देईन."

ऊन जरा उतरलं की या. रंगुबाईंना आणा, त्यांना माझ्या शेजारी बसवू. त्यांची नजर फार तीक्ष्ण आहे असं तुमच्या पत्रावरून दिसतं. त्यांना ते पाणी दिसलं तर दिसू दे. पण त्यांना आधीच बजावून ठेवा, मला सांगायचं नाही.

लीलाबाई